नारळाची सीमारेषा

श्रोतेहो, पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांतील म्हसे येथें खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्यांचीं दुकानें, मिठाईच्या राहुट्या आणि देवाच्या वाटेवर दुतर्फा नारळांचे ढीग, असा तो देखावा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या ढिगांतील एखादें फळ हातीं घेऊन विकणाऱ्यास "हा माल कोठला?" असें विचारलें, तर तो वसईचें नांव सांगेल, अलिबागचें सांगेल, आतांशा केरळाचेंहि सांगेल, म्हशाचें नांव मात्र सांगणार नाहीं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत नारळावांचून एकहि कार्य तडीस जात नाहीं. घराचा पाया, विहिरीची पहिली कुदळ, लग्नांतील ओटी, रानांतल्या वाघोबाचा मान, या सर्वांस श्रीफळ लागतें. परंतु त्या फळाचें झाड पाहावयाचें म्हटलें तर एखाद्या विहिरीच्या कांठीं, किंवा परसांतल्या मोरीच्या आडोशास, तेवढें एकुलतें एक दिसतें.

ही उणीव आजकालची नव्हे. किनाऱ्यावर माडांचीं बनें आणि तेथून पन्नास-साठ किलोमीटरांवर, घाटाच्या पायथ्याशीं, माडाचें दुर्भिक्ष, ही स्थिति फार जुनी आहे. ज्या रेषेच्या पश्चिमेस माड आपल्या बळावर उभा राहतो आणि पूर्वेस केवळ माणसाच्या बळावर, त्या रेषेचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावा असा मानस आहे.

प्रथम सर्वांत जुना लेखी पुरावा घेऊं. नाशिकजवळच्या पांडव लेण्यांपैकीं दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत उषवदात नांवाच्या राजपुरुषाचे लेख कोरलेले आहेत. हा दिनीकाचा पुत्र आणि क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. आपल्या दानधर्माची यादी देतांना तो सांगतो कीं, नानंगोल गांवांतील ३२,००० नारळीचीं झाडें त्यानें पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख आणि शोर्पारगांतील रामतीर्थ येथील चरकांच्या परिषदांस दिलीं. त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका लेखांत कापूर आहारांतील चिखलपद्र गांवीं ८,००० नारळींचें दान नोंदलेलें आहे. शोर्पारग म्हणजे आपलें सोपारें. गोवर्धन म्हणजे नाशिकचा परिसर. ज्या नद्यांवर त्यानें फुकट तरी ठेविल्या त्यांत तापी व दमण यांबरोबर डाहणुका नदीचेंहि नांव येतें. ती डहाणूची नदी होय. म्हणजे ज्या मुलखाविषयीं हा लेख बोलतो तो आपला उत्तर कोंकण आहे, आणि तेथें त्या काळीं हजारांनीं मोजण्याजोग्या नारळीच्या बागा होत्या, यांत शंका राहत नाहीं.

या लेखांतली एक गोष्ट माझ्या मनांत वर्षानुवर्षें घोळत आली आहे. झाडें किनाऱ्यावर आणि त्यांच्या उत्पन्नाचे धनी कांहीं सोपाऱ्यास, तर कांहीं थेट घाटमाथ्यावर, गोवर्धनास. मधल्या मुलखाच्या वांट्यास काय आलें? त्याच्या वांट्यास वाट आली. सोपाऱ्याहून आणि कल्याणहून घाट चढून जाण्याचे दोन जुने मार्ग आपल्याच तालुक्यांतून जातात. एक शहापुरावरून थळ घाटानें नाशिककडे. दुसरा मुरबाडावरून, वैशाखऱ्याच्या पायथ्यापासून नाणेघाट चढून जुन्नराकडे. नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि घाटाच्या तोंडाशीं दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीचें नाणें त्यांत टाकीत, अशी परंपरेची समजूत आहे. 'पेरिप्लस' नांवाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक नौकानयनग्रंथांत सोपारें व कल्याण या दोन्ही बंदरांचीं नांवें आलीं आहेत. पुढें कित्येक शतकें किनाऱ्याचा नारळ, मीठ आणि सुकी मासळी वर जावी आणि घाटावरचें धान्य खालीं यावें, असा व्यवहार बैलांच्या पाठीवर चालला. १८५५ सालीं रेल्वे वाशिंदपर्यंत आली, १८६१ सालीं कसाऱ्यास पोहोंचली आणि १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेली. तेव्हांपासून नारळ डब्यांतून जाऊं लागला. पण आमच्या गांवांवरून पुढें जाणारा माल हेंच त्याचें स्वरूप कायम राहिलें.

नारळ मुळांत कोठला, याविषयीं विद्वानांत बराच विचार झाला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं उषवदाताच्या या दानांस विशेष महत्त्व दिलें. पश्चिम किनाऱ्याची दाट झाडीची पट्टी वस्तीस आणि व्यापारास किफायतशीर झाली ती नारळामुळें, आणि तो नारळ पूर्वेकडून, मलायाच्या बाजूनें आला, असें त्यांचें मत होतें. पहिलें विधान आजहि विचारार्ह आहे. दुसऱ्यांत मात्र आतां दुरुस्ती करावी लागते. जगांतील नारळींच्या आनुवंशिक घटकांची तुलना करून २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, माणसानें नारळ दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें लागवडीस आणला, एक प्रशांत महासागराच्या बाजूस आणि दुसरा भारताच्या दक्षिण कडेस, असें दिसून आलें आहे. तेव्हां आपला नारळ परका पाहुणा नसून दक्षिणेकडचा सोयरा होय. त्याचें नांवहि दूरवर पोहोंचलें. सहाव्या शतकांतला कॉस्मस हा ग्रीक लेखक हिंदी नारळास 'अर्गेलिया' म्हणतो. तो 'नारिकेल' शब्दाचाच अपभ्रंश आहे. १३२१ सालीं ठाण्यास आलेला जॉर्डनस हा ख्रिस्ती धर्मोपदेशक 'नारगील' या नांवानें या वृक्षाचें मोठ्या कौतुकानें वर्णन करतो.

१५३४ सालच्या तहानें वसई आणि मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं. गार्सिया द ओर्ता या वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथांत नारळावर एक संपूर्ण प्रकरण लिहिलें आहे. नारळीच्या बागेस पोर्तुगीजांचा 'ओर्त' हा शब्द मुंबईच्या इंग्रजी कागदपत्रांतहि रूढ झाला. मुंबई, माहीम, साष्टी, वसई, अर्नाळा हीं सारीं त्या काळीं खाडीच्या पाण्यानें वेढलेलीं बेटें होतीं, आणि या बेटांवर माड हीच मुख्य संपत्ति होती. वसईकडे वाडवळांनीं विहिरीवर रहाट बसवून वाड्या शिंपल्या. भंडाऱ्यांनीं माडी काढण्याचा धंदा पिढीजात चालविला. मुंबईच्या बागांत तर माडाच्या मुळाशीं कुजकी मासळी खत म्हणून घालीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या इंग्रजांनीं शहराच्या रोगट हवेचा दोष त्या दुर्गंधीस दिला आणि तें खत बंद करण्याचे हुकूम सोडले. आज त्या बेटांचें एक महानगर झालें आहे. माडांच्या जागीं चाळी आल्या, चाळींच्या जागीं मनोरे आले. आणि जुन्या बागांची आठवण कोठें कोठें वाड्यांच्या नांवांत तेवढी शिल्लक आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अक्षांश तोच, पाऊस तितकाच किंबहुना किनाऱ्याहून अधिक, मग शहापूर-मुरबाडांत माड कां होऊं नये? मीं विद्यार्थ्यांस हा प्रश्न पुष्कळदां घातला आहे, आणि "समुद्राची खारी हवा लागते" हेंच उत्तर बहुधा मिळालें आहे. उत्तर अगदींच चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. समुद्र माडास तीन गोष्टी देतो. पहिली, समान हवा. समुद्राकांठीं दिवस व रात्र आणि हिंवाळा व उन्हाळा यांत फार अंतर पडत नाहीं. आमच्याकडे पौषाच्या रात्रीं शेकोटी सोडवत नाहीं, आणि चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. दुसरी, ओलसर वारा. आमच्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यानें कोंवळीं बोंडें गळून पडतात. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पायाखालचें पाणी. किनाऱ्याच्या वाळूंत हात-दोन पुरुष खोलीवर गोडें पाणी बाराहि महिने असतें, आणि माडाचीं तंतुमय मुळें तेथवर सहज जातात. आमच्याकडे वीत-दोन वीत माती, त्याखालीं मुरूम, त्याखालीं काळा पाषाण. चार महिने धोधो पाऊस पडतो आणि ओढ्या-नाल्यांनीं वाहून जातो; उरलेले आठ महिने कोरडे. माडास वर्षाचा एकूण पाऊस किती, यापेक्षां तो बारा महिन्यांत कसा वांटला जातो, याचें महत्त्व अधिक असतें.

जगांत इतरत्रहि हाच न्याय दिसतो. चीन देशाचा नारळ मुख्यतः हैनान बेटावर पिकतो. तें बेट आपल्याच अक्षांशांत आहे, पण चहूंकडून समुद्र असल्यामुळें तेथें माड सुखानें वाढतो. अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर, सुमारें सत्तावीस अंश उत्तरेस, १८७८ सालीं 'प्रोव्हिडेन्सिया' नांवाचें नारळांनीं भरलेलें स्पॅनिश जहाज लागलें. त्यांतले सुमारें २०,००० नारळ तेथल्या वसाहतकरांनीं वाळूंत लावले, आणि त्या बनावरूनच त्या गांवास 'पाम बीच' हें नांव पडलें. उष्ण सागरी प्रवाह त्या किनाऱ्याच्या अगदीं जवळून वाहतो, म्हणून इतक्या उत्तरेस हें साधलें. सीमेवर वाढणाऱ्या माडास नेहमी असा एखादा पाठीराखा लागतो. कोठें तो समुद्र असतो, कोठें नदी, आणि जेथें दोन्ही नाहींत तेथें मनुष्य.

येथें मला माझ्या अनुभवांतली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण या विषयांतलें जें महत्त्वाचें तें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. नाणेघाटाच्या वाटेवरील एका गांवच्या शाळेंत मी शिक्षक होतों. १९८९ च्या जूनमध्यें आम्हीं शाळेच्या आवारांत नारळाचीं तीन रोपें लावलीं. कुंपणालगतचें रोप पहिल्याच उन्हाळ्यांत गेलें. मैदानाच्या कोपऱ्यांतलें चार वर्षें तगून सुकलें. तिसरें, मुलें हात धुवत त्या जागेजवळचें, वांचलें. नवव्या वर्षीं त्यास पहिली पोय आली, आणि २००१ सालीं सात नारळ उतरले. त्या सात नारळांचा प्रसाद शाळेंतल्या प्रत्येक मुलास मिळावा म्हणून आम्हीं खोबऱ्याचे इतके बारीक तुकडे केले कीं, चव लागली असेल ती केवळ कौतुकाची.

त्या झाडास उन्हाळ्यांत पाणी घालण्याचें काम शाळेंतली सेविका करी. आम्ही सगळे तिला मावशी म्हणत असूं. २००४ च्या उन्हाळ्यांत गांवची विहीर होळीपूर्वींच तळास गेली. मावशी दोन ओढे ओलांडून पाणी आणूं लागली. एके दिवशीं मीं तिला सहज विचारलें, "मावशी, माडाला पाणी घातलें का?" तिनें डोईवरचा हंडा उतरविला आणि शांतपणें म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच सांगा. ह्या हंड्यांतलं झाडाला घालूं का पोरांना पाजूं?" मजपाशीं उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून झाडाचें पाणी आम्हीं बंद केलें.

त्या वर्षीं लहान फळें गळलीं, हें समजण्याजोगें होतें. पुढचे दोन पावसाळे उत्तम झाले. २००५ चा पाऊस तर कोणी विसरणार नाहीं. झाड टवटवीत दिसूं लागलें, आणि आमच्या मनांतली टोंचणी कमी झाली. परंतु २००६ च्या अखेरीस ज्या पोया उमलल्या त्यांत मादीफुलें जवळजवळ नव्हतींच. आम्हांस याचा उलगडा होईना. पुढें वाचनांत आलें कीं, माडाची पोय उमलण्याच्या सुमारें बत्तीस महिने आधीं तिचा अंकुर झाडाच्या पोटांत धरलेला असतो, आणि फूल धरल्यावर नारळ पिकण्यास आणखी एक वर्ष जातें. म्हणजे २००४ च्या उन्हाळ्यांत आम्हीं जें पाणी तोडलें, त्याचा जाब झाडानें २००६ च्या हिंवाळ्यांत दिला. भात एका हंगामांत आपला हिशेब पुरा करतो. माड तीन-चार वर्षांची खातेवही सांभाळून असतो, आणि तींतील एकहि नोंद खोडत नाहीं. तरीसुद्धां त्या उन्हाळ्यांतला आमचा निर्णय चुकला असें मला आजहि वाटत नाहीं. चूक झाली ती १९८९ सालीं. विहिरीकडे न पाहतां आम्हीं तीन खड्डे खणले, ही.

श्रोतेहो, या गोष्टीची दुसरी बाजू ऐकल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत मुंबई वाढली आणि बेटावरच्या विहिरी तिला पुरेनाशा झाल्या. १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव साष्टींत झाले. तेहि अपुरे पडल्यावर शहराची नजर आमच्या डोंगरांकडे वळली. १८९२ सालीं शहापूर तालुक्यांत तानसा धरण पुरें झालें. १९५७ सालीं वैतरणेवर मोडकसागर झाला, आणि १९८० नंतरच्या दशकांत भातसेचें पाणीहि मुंबईस जाऊं लागलें. या नद्यांचें पाणी मोठमोठ्या नळांनीं जेथें जातें, तेथेंच एके काळीं माडांचीं बनें होतीं. आणि ज्या तालुक्यांत तें पाणी सांठतें, त्याच शहापूर तालुक्यांतल्या अनेक पाड्यांस दर उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पुरवावें लागतें. मुंबईकर तहानलेले राहावेत असें मी म्हणत नाहीं. माझीं स्वतःचीं माणसेंहि तें पाणी पितात. परंतु ही भूमि कोरडी आहे म्हणून येथें माड होत नाहीं, असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां अर्धेंच सत्य सांगितलें जातें. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर डहाणू-वसईचा नारळी किनारा त्या जिल्ह्यांत गेला, आणि शहापूर-मुरबाडचे डोंगर ठाण्यांत राहिले. नकाशावरची रेषा बदलली. माडाची रेषा होती तेथेंच आहे.

मग आमच्या शेतकऱ्यानें माड लावावा कीं नाहीं? हा प्रश्न मला अनेकजण विचारतात, आणि शहरांतून येथें जमिनी घेणारे लोक तर रस्त्याच्या दुतर्फा माडांच्या रांगा लावावयास निघतात. त्यांस माझें सांगणें एवढेंच असतें कीं, प्रथम हंडे मोजा. भर उन्हाळ्यांत फळत्या माडास दिवसास सुमारें चाळीस ते पन्नास लिटर पाणी लागतें. म्हणजे तीन-चार हंडे. दहा माड म्हणजे तीस-चाळीस हंडे, आणि ते मार्गशीर्षापासून मृगापर्यंत, रोज. ज्याची विहीर वैशाखांत हें देऊन घरास आणि गोठ्यास पुरून उरते, त्यानें खुशाल लावावे. ज्याची उरत नाहीं त्यानें आंबा-काजूंकडे वळावें. त्यांचीं मुळें मुरुमांत शिरतात आणि एकदां धरल्यावर तीं उन्हाळा सोसतात. घरामागें मोरीच्या पाण्यावर एखाद-दुसरा माड मात्र कोणासहि परवडतो, आणि आमच्या गांवांत जे जुने माड फळतांना दिसतात ते बहुतेक असेच आहेत.

लावावयाचाच झाला, तर मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. तळाशीं नारळाचीं सोडणें रचावीं. तीं पाणी धरून ठेवतात. रोप बाणवली जातीचें, खात्रीच्या रोपवाटिकेतून आणलेलें असावें. रत्नागिरीजवळ भाट्ये येथें १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे, आणि तेथील अनुभव कोंकणांतल्या बागाईतदारांस उपयोगी पडला आहे. पहिले दोन उन्हाळे रोपावर झावळ्यांची सावली करावी. बुंध्याभोंवतीं आळें करून त्यांत पालापाचोळा दाट पसरावा. पावसाळ्यांत मात्र तेंच आळें फोडून पाण्यास वाट द्यावी, कारण कातळावर तुंबलेलें पाणी माडास मानवत नाहीं. शेंड्यांत गेंड्या भुंगा शिरला कीं काय, हें महिन्यास एकदां तरी पाहावें. आणि चवथ्या-पांचव्या वर्षीं फळ न आलें म्हणून कुऱ्हाड उचलूं नये. आपल्याकडे माडाचें बालपण लांबतें.

गेल्या वर्षीं मी त्या शाळेंत गेलों होतों. माड उभा आहे, खोडावर कोठें कोठें अंगठ्या बारीक झाल्या आहेत. माडाच्या खोडावर पानांच्या खुणा राहतात. ज्या वर्षीं उपासमार झाली त्या वर्षींच्या खुणा एकमेकींजवळ दाटून येतात आणि तेथें खोड अरुंद दिसतें. जमिनीपासून वर मोजीत गेलों, तों एका ठिकाणीं तें एकाएकीं आंवळलेलें आढळलें. उषवदातानें आपलें दान दगडावर कोरून ठेविलें. त्या माडानें आमची टंचाई आपल्या अंगावर कोरून ठेविली आहे. मावशी आतां थकली आहे, तरी जवळच राहते. तिला हांक मारून आणली आणि ती जागा दाखविली. ती म्हणाली, "जगलं ना गुरुजी, मग झालं." त्या वर्षीं माडास एकवीस नारळ होते. त्यांतला एक तिनें म्हशाच्या जत्रेस देवापुढें ठेविला, आणि "कोठला नारळ?" असें विचारणाऱ्यास, आमच्या तालुक्यांत क्वचितच कोणी दिलें असेल असें उत्तर दिलें: "आमच्या शाळेचा."